उरलेली रोपं

९ ऑगस्ट
सकाळच्या एसटीने नांदेडहून देगलूर, पुढे ऑटो. शेत बघून डोकं फिरलं. वरच्या पट्टीतला भात पिवळा, वीतभर. मधल्या पट्टीत गोल चट्टे. पाणी साचतं ती खालची पट्टी तेवढी हिरवी. आमचं शेत करणाऱ्या गंगूबाईचं एकच: "बाई, दिष्ट लागली. समदं गाव तुमचं भात बघून राहिलंय." नजरेने पिवळं पडत असतं तर चौतीस वर्षांत माझं अर्धं कॉलेज पिवळं पडलं असतं.

१० ऑगस्ट
कृषी खात्याचे साहेब आले. बुटाला चिखल नको म्हणून बांधावरूनच निदान. "मॅडम, लोह कमी पडलंय. फवारा मारा." रोप उपटून बघितलं? नाही. मी प्राणिशास्त्राची प्राध्यापक होते, म्हटलं. "पण हे वनस्पतिशास्त्र आहे ना?" धन्य! मीच उपटलं. मुळांच्या टोकांना गाठी, टोकं गळासारखी वाकलेली. साहेबांनी फोटो काढला आणि गेले.

१३ ऑगस्ट, नांदेड
तिन्ही पट्ट्यांची माती आणली होती. चहाच्या गाळण्यांत टिश्यू पेपर, त्यावर माती, खाली बशीत पाणी. सूनबाई: "आई, त्या गाळण्या परत चहाला नकोत हं." आज कॉलेजने भंगारात काढलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाणी बघितलं. सूत्रकृमी, मुळांत शिरणारे बारीक जंत. यापुढे सू. वरच्या पट्टीच्या बशीत नुसता वळवळाट, मोजणं सोडलं. मधल्या, पाणी येतं-जातं त्या पट्टीतही भरपूर. खालच्या पट्टीत तुरळक. साचलेल्या पाण्यात सू.ला मुळात शिरणं जमत नाही. मरत मात्र नाहीत. पाणी हटायची वाट बघतात.
म्हणजे यावर औषध एकच, पाणी. विहीर तळाला, कालवा कागदावर. छान.

१७ ऑगस्ट
रोपांचा वाफा तपासला. तिथे राहिलेल्या रोपांनाही गाठी. जूनमध्ये गंगूबाई सांगत होती, "चिखलातच रोप टाकू, बाई. आमच्यात तसंच हाय." मी पाणी वाचवायला निघालेली! वरच्या पट्टीच्या कोपऱ्यात कोरडा गादीवाफा करायला लावला. सू.ना आयतं माहेर.
आणि लावणीनंतर उरलेली रोपं...
आज नाही लिहवत.

१८ ऑगस्ट
लिहिते. इथे उरलेलं रोप विकत नाहीत. मागायला आलेलीला नाही म्हणत नाहीत. जुडीला हळदीचं बोट लावून द्यायचं. जुलैत सात-आठ जणी आल्या. मी बांधावर खुर्ची टाकून बसले आणि स्वतःच्या हाताने हळद लावून सगळ्यांना सू. वाटले.

२३ ऑगस्ट
ज्यांना दिली त्यांच्या बांधांवर हिंडले. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचं वरून तरी हिरवं. शांताबाईचं सगळं पिवळं. एकटी बाई, एवढीच पट्टी, वर्षाचं खाणं त्यातच. उन्हात उभी होती. मलाच म्हणाली, "तुमचं बी असंच झालं म्हनं, बाई. दोघींचं नशीब. चला, च्या घ्या." तोंड उघडलं, खरं सांगायला. शब्द बाहेर आले: "लोह कमी पडलंय."
साहेबांची वाक्यं मी वापरायला लागले. चहाही प्यायले.

२६ ऑगस्ट
गंगूबाईला सगळं सांगितलं. तिने गाठी नखाने फोडून बघितल्या. "हाव? ह्ये जंत हायत? मग कुनाला सांगू नका. रोप देनारीचं नाव बदनाम व्हतंय. तुम्ही जाल नांदेडला, आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."
माझ्या कॉन्व्हेंट शाळेत ख्रिस्ती मुली पाद्र्याकडे पापांचा कबुलीजबाब द्यायला रांगेत उभ्या राहायच्या. आम्ही बाकीच्या व्हरांड्यातून त्यांना हसायचो. जाळीच्या आड, अंधारात, ओळखीचं कुणी नाही. किती सोपं होतं त्यांचं! इथे समोर उन्हात शांताबाई.

९ नोव्हेंबर
कापणी. वरच्या पट्टीत पोचटच जास्त. शांताबाईकडे तर पाखडलं की सूप रिकामं. तरी संध्याकाळी तांब्याभर नवे तांदूळ घेऊन आली. "पहिलं तुमचं. रोप तुमचं व्हतं."
घेतले. न घेऊन काय सांगणार होते?
डब्यात तसेच आहेत. शिजवत नाही, टाकवतही नाहीत.

१४ जून
या वर्षी रोप खालच्या पट्टीत, चिखलात. तिथलीही माती तपासली. सू. थोडे आहेत. आहेतच. पाणी असंच राहिलं तर दबून राहतील. पाणी राहणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. गंगूबाईला म्हटलं, यंदा उरलेलं रोप गाडून टाकू, कुणाला देऊ नको. "मी न्हाई तसं सांगनार कुनाला. सांगायचं तर तुमी सांगा."

३ जुलै
आत्ता खुर्चीत बसूनच लिहितेय. आमची लावणी उरकली. तीस-चाळीस जुड्या उरल्यात, वरून बघावं तर काय देखण्या. सकाळी एक उपटली. गाठी. कमी, पण आहेत. पाणी देऊन वाचेल का? ज्याच्याकडे पाणी आहे त्याचं वाचेल.
गंगूबाईने हळदीची वाटी माझ्या पायाशी ठेवली आणि पलीकडे निघून गेली.
शांताबाई बांधावरून येतेय. टोपली रिकामी. तिची पट्टी चिखलणी करून तयार आहे आणि दुसरीकडे रोप मिळायचं नाही, पाऊस लांबला तशी यंदा सगळ्यांचीच वाफ्यात जळली. लांबूनच हात हलवतेय. हसतेय.
वाटी खुर्चीखाली सरकवली. तरी दिसतेच आहे.