बसवालीला कोणी मारलं

१४ नोव्हेंबर

चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल, असं लिहायची पद्धत आहे. पण तुझं पत्र समोरच पडलंय, तेव्हा तिकडे ठीक नाही हे मला माहीत आहे. चार दिवस उत्तर लिहायला बसते आणि उठून कपाट आवरते. कपाट इतकं आवरलं गेलंय की आता त्यात काही सापडत नाही.

आधी घरची खबर. दादाचा गुडघा बरा आहे, कुरकुर मात्र तेवढीच. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात घडी घालायचं नवं मशीन आलंय. मालक रोज सकाळी त्याला स्वतः फडक्याने पुसतात. बावीस वर्षं काम करतेय, पण माझी इतकी विचारपूस कधी झाली नाही.

तुझ्या चित्रकथेच्या सहाव्या भागाने इथेही हाहाकार माजवलाय. आमचा कागद कापणारा कटिंगवाला, जो स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसलेला नाही, त्याने बसवाली मेल्याचं पान वाचलं आणि दोन दिवस डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा, आता त्या बसमध्ये बसावंसं वाटत नाही." जसा काही हा रोज त्याच बसने कामावर येत होता!

तुला तर म्हणे पोतंभर पत्रं आली. एकीने लिहिलं, तुम्ही माझं घर मोडलंत. एकाने ती पानं पिना मारून बंद करून टाकली. एक अख्खा शाळेचा वर्ग तुला खुनी म्हणतो. आणि तू मला लिहितेस, "ताई, माझ्या मनात नव्हतं. 'बसमधलं कोण झोंबींच्या हाती लागावं?' हे कूपन पाचव्या भागाच्या शेवटी छापलं, ते याच वाचकांनी भरलं. सगळ्यात जास्त कूपनं बसवालीच्या नावाची आली. संपादकबाई म्हणाल्या, वाचकांचा कौल म्हणजे कौल. आता तेच वाचक मला खुनी म्हणतात. मला माणसं कळतच नाहीत, मग त्यांच्यासाठी काढू कशाला? सातवा भाग होणार नाही. रंग, ब्रश सगळं देऊन टाकते आहे."

देऊ नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत थांब.

बसवाली आपल्या वहिनीवरून काढलीस हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती चालवते तीच शाळेची बस, तेच मागे न बघता "बसा रे" म्हणणं, तोच हॉर्नवरचा कोपर. शहरभर मेलेले उठलेत, अकरा माणसं उरलीत आणि आमच्या वहिनीसाहेब सगळ्यांना घेऊन निघाल्यात! वाचक तिच्यावर जीव टाकत होते. दर भागामागे पत्रं यायची, बसवाली आम्हाला आईसारखी वाटते. तू ती मला कौतुकाने पाठवायचीस. मी वाचायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

मी कुठे होते, ते तरी आठवतं का? पहिला भाग, पान अकरा. सरसाने माखलेला एप्रन, कानामागे पेन्सिल, एक बूट गायब. बाइंडिंगच्या कारखान्यातून बाहेर पडलेली झोंबी. दोन चौकटी मला मिळाल्या, आणि तिसऱ्या चौकटीत तिच्या बसखाली गेले. सहा भागांत माझ्याबद्दल एकाही वाचकाने एक ओळ लिहिली नाही.

मी हसले होते तेव्हा. सगळ्यांना ते पान दाखवत फिरले होते. ते हसणं खोटं होतं, चिमे.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. छापखान्यात रंग जुळेपर्यंत जे ताव वाया जाऊन आमच्याकडे येतात, ते मी मालकांना विचारून घरी आणायचे आणि तू त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, तापात उशाशी मी बसले. मग तू चौदाची असताना वहिनी आली, बसमध्ये तिच्या शेजारच्या सीटवर बसून तू चित्रांची वही भरायला लागलीस, आणि मी घरातली जेवण वाढणारी झाले. वहिनीने काही हिसकावलं नाही. तिला तर ठाऊकही नव्हतं. त्याचाच जास्त राग यायचा.

आता लिहिते. पाचव्या भागाच्या शेवटच्या फर्म्याचे, म्हणजे शेवटच्या पानांचे, वाया गेलेले ताव माझ्याच टेबलाखाली पडले होते. प्रत्येकावर तुझं कूपन. मी ती कापली, आणि तीन रविवार दुपारी बसून भरली. दोनशे चाळीस. डाव्या हाताने लिहिली, जांभळ्या शाईने लिहिली, दहा वर्षांच्या पोराचं अक्षर काढलं, थरथरत्या म्हाताऱ्याचं काढलं. वेगवेगळ्या टपालपेट्यांत टाकली. सगळ्यांवर एकच नाव, बसवाली. तू कळवलेल्या आकड्यांतून माझी काढून टाक आणि उरलेली बघ. तुझ्या वाचकांना बसमधला तो चोरून बिस्किटं खाणारा दंतवैद्य गेलेला हवा होता.

एका कूपनाने तुला पटवलं, असं तू लिहिलंयस. कारण म्हणून त्यावर लिहिलं होतं, "ती सगळ्यांना वाहून नेते, तिला कोणी विचारत नाही. आता सुटू दे तिला." ते वाचून तू रडलीस आणि मरणाचं पान त्या वाक्यावर रचलंस. तेही मीच लिहिलं होतं. तिसरा रविवार होता, हात दुखत होता, आणि लिहिता लिहिता मी बसवालीला विसरले होते. ते माझ्याबद्दल होतं.

परवा वहिनी भेटायला आली. मुलांना सोडून बस आमच्या दाराशीच लावली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "काय झकास मेले ना ताई मी? पोरं आज बसमध्ये अशी गप्प होती की हॉर्न ऐकू येत होता." मग चहा पिता पिता सहज बोलून गेली, "पहिल्या भागात तुमच्यावर बस घातली ना तिने, तेव्हा मी महिनाभर चिमीशी बोलले नव्हते. म्हटलं, जिने वाढवलं तिलाच चिरडतेस, आणि तेही माझ्या हातून?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तूही नाही. ती माझ्या बाजूने भांडली होती आणि मी दोनशे चाळीस वेळा तिचं मरण मागितलं. खरं सांगू? ते ऐकतानाही, हा चांगुलपणासुद्धा हिलाच सुचावा, म्हणून मी क्षणभर जळलेच.

तेव्हा तुझे वाचक खोटे नाहीत. त्यांना बसवाली हवी होती आणि ती गेली म्हणून ते रडले, एवढंच. हे पत्र संपादकबाईंना दाखव. मालकांना मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे. तुमच्या प्रकाशनाचं सगळं काम इथे येतं, त्यामुळे ते मला ठेवतील असं वाटत नाही. वहिनीला सांगायला मात्र अजून धीर होत नाही. तोही करीन.

बसवालीला परत उठवू नकोस. मेलेली माणसं परत आली की काय होतं, ते तू सहा भाग सांगितलंयस. पण उरलेली दहा माणसं त्या बसमध्ये बसून आहेत, आणि गाडी चालवायला कोणी नाही. त्यांना तसं टाकून जाऊ नकोस.

वाचकांवरचा राग सोड. माझ्यावरचा ठेव, वाटेल तितके दिवस.

तुझे दोनशे चाळीस वाचक,
म्हणजे एकटी
ताई