तुझ्या लॅपटॉपवर कोणती सिस्टीम ठेवू?

प्रिय ताई,

सोमवारी माझी नवी नोकरी सुरू होते. घरूनच काम, दिवसभर कोड आणि मध्येमध्ये व्हिडिओ कॉल, कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. हाताशी लॅपटॉप आहे तो तुझा. त्यावरचं तुझं लिनक्स ठेवायचं की पुसून विंडोज टाकायचं, एवढंच आज ठरवायचं होतं. पण तू मला खोटं सांगितलं होतंस हे आज सिद्ध झालं, म्हणून लिहितेय.

आळेफाट्याच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, विंडोज टाका मॅडम, डोक्याला ताप नाय. प्रश्न ऐकायच्या आधी उत्तर देणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि विंडोजला सुरू होण्याआधीच माझं खातं कशाला हवं असतं? कोडसाठी मला लिनक्सच बरं वाटतं. पण कॉलवर स्क्रीन दाखवायला गेलं की ते कधीकधी रुसतं. शिवाय तुझ्या म्हणण्याप्रमाणे या मशीनवर लिनक्समध्ये कॅमेरा चालतच नाही.

आईचं मत ठाम होतं. "त्या लिनक्सनं माझ्या पोरीचं तोंड दाखवलं न्हाई. आदी ते पुसून टाक."

आठवतं ना? माहिती चोरतात म्हणून तू फोनवर कॉलचं एकही अ‍ॅप घेतलं नाहीस. पुण्याहून कॉल करायचीस तो लॅपटॉपवरूनच. शेवटचे काही महिने तुझ्या जागी काळा चौकोन आणि त्यात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजी व्ही. आई त्या व्हीशी बोलायची. जेवलीस का, असं त्यालाच विचारायची. फोन वाकडा धरून त्याला मेंढरांच्या वाड्यातली नवी कोकरं दाखवायची!

मी उपाय पाठवत राहिले. तू म्हणायचीस, केलं, नाही झालं. मी एरर मागितली, ती कधीच आली नाही. एररचा शब्दन् शब्द हातात आल्याशिवाय माझं काही ऐकून न घेणारी तू! तेव्हाच खटकलं होतं.

आजाराचं आम्हाला कळलं तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिथे मला लॅपटॉपचा पासवर्ड सांगितलास. बाकी काही नाही.

दहाव्याला तुझी ऑफिसातली मैत्रीण आली होती. केस गेल्यावर ताई रोज नवा रुमाल बांधून ऑनलाइन मीटिंगला यायची, आज कुठला रंग म्हणून आम्ही वाट बघायचो, असं तिने मला सांगितलं. मी रडता रडता थांबले. न चालणाऱ्या कॅमेऱ्यातून हिला रंग दिसला कसा? ऑफिसचा लॅपटॉप वेगळा होता का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली, सगळं काम याच्यावरच.

आज दुपारी तपासलं. तुझ्याच लिनक्सवर कॉलचं पान उघडलं, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मी दिसले. काहीही दुरुस्त न करता.

विंडोज टाकलं असतं तर विषय संपला असता. दोष लिनक्सवर राहिला असता आणि आईला कधीच कळलं नसतं. तुला तेच हवं होतं का? मी याच विचारात होते, तेवढ्यात आई मागून आली आणि माझ्या खांद्यावरून तिला पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसला.

"ह्यो चालतोय?"

नव्या आवृत्तीत दुरुस्त झाला, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. तुझीच बहीण मी.

"चालतो," मी म्हणाले. "पहिल्यापासून चालत होता. तिनेच बंद ठेवला होता."

आईने पडद्यात स्वतःकडे बघितलं. मग पदर नीट केला.

"मंग आमी तिला दिसत व्हतो?"

"हो. रोज."

"कोकरं बी?"

"कोकरंही."

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "ऱ्हाऊ दे मंग ते," म्हणाली. "पुसू नको."

तेव्हा लिनक्स राहतंय. तुला माफ केलंय की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आम्हाला रोज बघितलंस, आम्हाला मात्र बघू दिलं नाहीस. हा कुठला न्याय, ताई? आणखी काय काय लपवलं होतंस?

एक वचन देते. पुढे मी कुठेही असले, कशीही दिसत असले, तरी आईच्या कॉलवर ते बटण बंद करणार नाही. आणि काय झालंय असं तिने विचारलं, तर जे असेल त्याचं नाव सांगेन.

तुझी,
ऋतुजा