चौकटीत न मावलेल्या दोन ओळी

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. चार दिवसांत तुझ्या मोबाइलवर नऊ आणि हॉलच्या फोनवर दोन, असे अकरा फोन केले. हॉलवरच्या मुलीनं दोन्ही वेळा सर सराव घेताहेत असं सांगितलं. सकाळी सात वाजताही सराव आणि दुपारी दोन वाजताही सराव! सर जेवतात कधी, असं विचारणार होते, पण त्या पोरीवर कशाला राग काढू? राग तुझ्यावर आहे, बाबांवर आहे, आणि आणखी एका व्यक्तीवर आहे, तिच्याकडे शेवटी येते.

तुला हवं असलेलं भाषांतर मी अजून दिलेलं नाही. मार्शल आर्ट्स महासंघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी तुझं नाव पुढे आहे, अर्जात गुरुपरंपरेचा पुरावा आणि त्याचं प्रमाणित भाषांतर मागितलं आहे, मुदत येत्या सोमवारी संपते, हे सगळं मला ठाऊक आहे. तू तीन वेळा कळवलं आहेस, त्यातलं एकदा उद्गारचिन्हांसकट. तुझा निरोप काय होता? ताई, तेच जुनं भाषांतर नव्या तारखेनं दे, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांचं! शिलाई यंत्राच्या माहितीपत्रकाला मला आठवडा लागतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर काय करावं, हे मी आजवर बारा वेळा चिनीतून आणलं असेल, तरी तेराव्या वेळी मूळ कागद समोर ठेवल्याशिवाय शिक्का मारत नाही. तो नियमच आहे. म्हणून तुला हॉलच्या भिंतीवरची मूळ चौकट पाठवायला सांगितली, तर केवढा फणकारा! आणि पाठवलीस ती कशी? सरावाच्या फाटक्या गादीत गुंडाळून, दोरीनं आवळून. माझ्या दारात आली तेव्हा काचेचा चुरा झालेला होता. साठ मुलं ज्या चौकटीपुढे रोज मान झुकवतात, ती नीट बांधायला तुला एक खोका मिळू नये?

पण झालं ते एका परीनं बरंच झालं. काच फुटली म्हणून मागचा पुठ्ठा काढावा लागला. बारीक खिळे उपटता उपटता माझ्या नाकीनऊ आले. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे सगळं डाव्या हातानं चाललं होतं. कागद बाहेर काढला आणि पाहते तर त्याच्या दोन्ही कडा वीतभर आत दुमडलेल्या. घडी उलगडली तर उजव्या बाजूला बारीक अक्षरांची एक उभी ओळ आणि डाव्या बाजूला दुसरी, तिच्या खाली एक लाल ठसा. तीस वर्षं आपण फक्त मधली चार मोठी अक्षरं बघत आलो, बाबांनी सांगितलेला त्यांचा अर्थ घोकत आलो: अजिंक्य हाताची विद्या शिष्याच्या स्वाधीन. बाबा जहाजावरची नोकरी सोडून त्या चिनी बंदरावर तीन वर्षं राहिले, तिथल्या गुरूंनी निघताना त्यांना हे लिहून दिलं, ही गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तू ती नव्या मुलांना सांगतोस तेव्हा आवाजसुद्धा बाबांसारखा लावतोस.

चौकटीच्या पाठीला फ्रेमवाल्याची चिठ्ठी होती, तिच्यावरच्या नंबरावर फोन केला. म्हातारा अजून दुकानात बसतो आणि त्याला सगळं लख्ख आठवतं. लोक अर्धा बोट कागद कापला गेला तरी त्याच्याशी भांडतात, आणि आपल्या वडिलांनी मात्र कडा मागे घालायला सांगितल्या. तो म्हणाला, साहेब, अक्षरं आत जातील. बाबा म्हणाले, जाऊ देत. असं गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, म्हणूनच लक्षात राहिलं म्हणे. म्हणजे त्या दोन ओळींत काय आहे ते बाबांना माहीत होतं. जाब विचारायला आता बाबा नाहीत. इतकी चिडले होते की चहा गॅसवर उतू गेला तेही कळलं नाही.

मग वाचायला बसले. माझी चिनी छापील आहे रे. माझ्या पुस्तिकांतली अक्षरं शाळेतल्या रांगेसारखी ताठ उभी असतात. इथे कुंचला न उचलता ओढलेला, एका रेषेतून दुसरी निघालेली, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच समजेना. 'हात' लगेच ओळखू आला. बाकीच्या तिघांनी दीड दिवस पिदडलं. भिंग घेतलं, रेषा पातळ कागदावर गिरवल्या, कोश पालथा घातला. कशीबशी चारही अक्षरं सापडली, तर वाक्य जुळेना. शेवटी ज्या बाईंनी मला ही भाषा शिकवली त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. मी डावीकडून वाचत होते! जुन्या आडव्या पाट्या उजवीकडून वाचायच्या असतात, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, तेही त्यांनी सुनावलं. यंत्रांच्या माहितीपत्रकांनी माझी सवय बिघडवली. कपाळावर हात मारून घेतला, अर्थात डावा.

उजवीकडून वाचलं की ते इतकं सोपं आहे, बारक्या. कुशल हातानं गेलेला वसंत परत आणला. बाई म्हणाल्या, ही ओळ तिकडे दवाखान्यांत टांगलेली असते, बरा झालेला रोगी वैद्याला देतो. आपल्याकडे आपण म्हणतो ना, यांच्या हाताला गुण आहे, अगदी तेच. कुणी अजिंक्य नाही आणि कुणी शिष्यही नाही. अशा लेखात उजव्या ओळीत ज्याला दिलं त्याचं नाव असतं, डावीकडे देणाऱ्याचं. उजवीकडे बाबांचं नाव आहे, आपल्या आडनावाचे तीन तुकडे करून लिहिलेलं, आणि पुढे 'हाडं बसवणारे वैद्य' असं. डावीकडे अकरा नावं. बंदरावरचे हमाल. त्यांनी लिहून घेतलं आहे की आमचे खांदे पुन्हा कामाला लागले. त्याखाली बाबा परत यायच्या आदल्या महिन्याची तारीख.

तू आता म्हणशील, ताईला कधी हॉलची किंमत कळली नाही. मला सगळी कळली आहे. मी सोळाव्या वर्षापर्यंत त्याच गादीवर पंधरा पवित्रे घोटले आहेत. आता त्यांचंही ऐक. तीन महिन्यांपूर्वी माझा खांदा आखडला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला. वाकून हात लोंबता सोडायचा आणि गोल फिरवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं. पाठीमागे काठी धरून वर ओढायची. मी पहिल्याच दिवशी सगळं बिनचूक केलं, तेव्हा त्यांनी विचारलं, आधी कुणी शिकवलंय का? बारक्या, तो आपला तिसरा, सातवा आणि अकरावा पवित्रा आहे! अकरावा, ज्यानं म्हणे माणूस जागच्या जागी लुळा पडतो, म्हणून बाबा तो पंधरा वर्षांखालच्या मुलांना शिकवत नसत. मी तिथे हसत सुटले आणि मग रडायलाच लागले. त्या बाईंना वाटलं, फार दुखतंय.

बाबांनी कधी कुणाशी दोन हात केलेले तू पाहिलेस का? मी नाही पाहिले. मला फक्त तो दिवस आठवतो. पलीकडच्या गल्लीतले काळ्या पट्ट्याचे सर आपल्या हॉलमध्ये आले होते आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमची शाखा कोणती, गुरूंचं नाव काय, कुणाबरोबर शिकलात? बाबांनी चौकटीकडे बोट दाखवलं. ते सर बराच वेळ बघत राहिले आणि निघून गेले. त्यांना कुठे वाचता येत होतं! तेव्हा मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता. आता त्या बोटाची आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जाते. खरा मान भिंतीवर टांगलेला होता, आणि हा माणूस त्याच्यापुढे उभा राहून थाप मारत होता.

कारण खरं काम त्यांनी पडद्यामागे ठेवलं. हॉलच्या मागची ती चिंचोळी खोली, हिरवा पडदा, तिळाच्या तेलाची बाटली. मान धरलेला ड्रायव्हर यायचा, पाय मुरगळलेली शिक्षिका यायची, कडेवर रडणारं मूल घेऊन बायका यायच्या. बाबा पडदा ओढायचे आणि जाताना प्रत्येकाला बजावायचे की बाहेर बोलू नका. कुणीतरी एकदा त्यांना मालिशवाला म्हणालं, तर दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना सर व्हायचं होतं. मी अकरा वर्षांची असताना हॉलच्या जिन्यावरून पडले, मनगट वाकडं झालं, तेव्हा त्यांनी मला त्याच खोलीत नेलं. हात हातात घेतला आणि म्हणाले, तेराचा पाढा म्हण. तेरा सत्तेला मी अडले, आठवायला लागले आणि तेवढ्यात त्यांनी मनगट बसवलं. मला दुखल्याचं आठवतच नाही. हे पत्र मी त्याच हातानं लिहिते आहे. आणि त्या दिवशी पडदा धरून कोण उभं होतं, तेही मला आठवतं. पाच वर्षांचा तू, तोंड उघडं टाकून बाबांच्या बोटांकडे बघत होतास. पुढे तर रोज तिथेच असायचास. त्यांनी मला कधी त्या खोलीत थांबू दिलं नाही, तुला दिलं.

गेल्या महिन्याच्या निरोपात तू सहज लिहिलं होतंस की सरावात एका मुलीचा खांदा निखळला, तू बसवलास, मग दवाखान्यात नेलंस, आणि डॉक्टरांनी विचारलं की हा इतका नीट कुणी बसवला. एवढं लिहून पुढच्या ओळीत लगेच अर्जाचं. मी ती ओळ चार वेळा वाचली. तुला तिच्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. तो खांदा निखळला कसा, हेही विचारते. अकराव्या पवित्र्यानं माणूस लुळा पडतो असं मानून तू तो जोरात करून घेत होतास ना? जो व्यायाम हळूहळू करायचा, त्याला आपण मारामारी समजून बसलो. आता मुख्य प्रशिक्षक झालास की तो आणखी शंभर प्रशिक्षकांना शिकवशील, आणि ते हजार मुलांना. म्हणून हे दोन मिनिटांचं काम माझ्याच्यानं होत नाही.

आता त्या तिसऱ्या व्यक्तीबद्दल. दहा वर्षांपूर्वी हॉलच्या नोंदणीसाठी बाबा माझ्याकडे त्या चौकटीचं छायाचित्र घेऊन आले, तेव्हा मला त्यातलं एकच अक्षर वाचता आलं होतं, 'हात'. बाकीची तीन येत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, लिही, मी सांगतो. मी लिहिलं. अजिंक्य हाताची विद्या शिष्याच्या स्वाधीन, हे त्यांचे शब्द आहेत आणि खाली शिक्का माझा आहे, नवा कोरा, आयुष्यातला पहिला. जन्मात पहिल्यांदा बाबांनी माझ्याकडे काही मागितलं होतं रे. मला नाही म्हणवलं नाही. तेव्हा ती थाप एका हॉलपुरती होती, माझ्या शिक्क्यानं ती कागदोपत्री खरी झाली, आणि तू तिच्यावर उभा आहेस. हे तुला फोनवर सांगायचं होतं, अकरा वेळा सांगायचं होतं. जुनं भाषांतर चुकीचं होतं, ते मी मागे घेते, असं पत्र मी महासंघाला लिहून ठेवलं आहे, सोबत खरं भाषांतर, अकराही नावांसकट. शुक्रवारी सकाळी टपालात टाकणार. माझा शिक्का कदाचित काढून घेतील, घेऊ देत. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर ती तुझी गोष्ट होईल, नाहीतर माझी तक्रार होईल. कागद मी नव्या चौकटीत घातला आहे, यावेळी कडा उघड्या ठेवून. तो न्यायला तूच ये, टपालानं पाठवणार नाही. आणि आलास की आधी माझा खांदा बघ. डॉक्टरीणबाईंचा तक्ता करते आहे, पण तुझा हात लागायला हवा. तेराचा पाढा मला अजून पाठ आहे.

वाट बघणारी आणि भांडायला तयार असलेली,
तुझीच,
ताई