मोठ्या दिराने उच्चारू नये ते

प्रिय ट्रायान,

गेल्या महिन्यात एके सकाळी मी तुझ्या राफिराला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मागच्या बाकावर बसून ती सारखं तुझंच बोलत होती. तू ईस्टरला स्पेनहून येणार म्हणून तिने पिंपभर कोबी खारवून ठेवलाय. अंगावरून जाणं थांबत नाही, हे तिने मला कसं सांगावं? ते मला शेजारच्या झांबिलाने दुसरीकडे बघत सांगितलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि बोलायला तोंड उघडलं, तशी ती डोईवरचा रुमाल तोंडावर ओढून बाहेर निघून गेली. मग ते मला म्हणाले, "इस्पास, पिशवीत गाठ आहे. आत्ता काढली तर बाई वाचेल. तू त्यांच्यातलाच ना? दवाखाना आणि वस्ती यांच्यातला दुवा म्हणून तुला नेमलंय ते याचसाठी. तूच समजाव." भला माणूस आहे. पण मी त्यांच्यातला आहे, म्हणूनच मला ते सांगता येत नाही, हे त्याला कसं कळावं? भावजयीसमोर मोठ्या दिराने कमरेखालचं बोलायचं नसतं. बोलला तर त्याचा विटाळ. पूर्वी बायकांशी बोलायचं हे काम आपल्या वस्तीतली आन्द्रेया करायची. ती जर्मनीला गेली आणि मी गावच्या शाळेत चार बुकं शिकलो म्हणून ते माझ्या गळ्यात आलं.

मी आईला म्हटलं, तू सांग. ती तांब्याच्या कढईवर हातोडी मारत होती, थांबलीसुद्धा नाही. "फुटक्या हंड्याला कोण कल्हई करतं रे?" म्हणाली. वर सगळ्या बायकांना तंबी दिली, कुणी तोंड उघडायचं नाही.

मग तुला फोन केला. तू काय म्हणालास, आठवतं? "पिशवी काढलेली बाई घेऊन मी काय करू, दादा? दोन्ही पोरीच दिल्यात तिने. रक्त कमी आहे म्हणून सांग. पुढचं देव बघेल." देवाचं नाव तू इतक्या सहज घेतलंस! त्याच आठवड्यात आई नदीपलीकडे तुझ्यासाठी मुलगी बघून आली. बायको अजून तुझ्यासाठी कोबी खारवतेय आणि तिची जागा ठरून गेली. मी चर्चमध्ये गुडघे टेकले. देवाने ते माझ्यावरच सोडलं असावं.

मी हातपंपावर गेलो. बायका पाणी भरत होत्या, त्यांत राफिराही होती. एकटीला सांगितलं असतं तर आईने ते दाबलं असतं, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "राफिरा, तुझ्या पिशवीत गाठ आहे. काढली नाहीस तर मरशील." झांबिला ओरडली, "मेल्या, लाज विकलीस का!" राफिराने भरली बादली माझ्या अंगावर फेकली. "तोंड झडो तुझं!" मग हळूच विचारलं, "त्याला माहीत आहे?" मी आहे म्हणालो. "काय म्हणाला?" तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. एक शब्द मऊ केला नाही. ती रडली नाही. पोरींना झांबिलाच्या हवाली केलं आणि जाऊन गाडीत बसली.

आईने माझा पेला दगडावर आपटून फोडला. माझ्या हातची भाकर आता कुणी घेत नाही. तापाने फणफणलेलं पोरसुद्धा माझ्या गाडीत घालत नाहीत, पायी नेतात. राफिरा माझ्याकडे बघत नाही, यापुढेही बघणार नाही. दीर-भावजयीचा नेम मोडणारा मीच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहितोय. काल तिची पिशवी काढली. ती जगेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून मी घरी आलो नाही, थेट नदीपलीकडे गेलो. मुलीच्या बापाने मला अंगणात घेतलं नाही, म्हणून कुंपणाबाहेरूनच सांगितलं, की माझ्या भावाची बायको जिवंत आहे आणि जिवंत राहणार आहे, तुमची मुलगी दुसरीकडे द्या. त्याने ऐकलं. सोयरीक मोडली.

तुला हवा असो वा नसो, तुझाच मोठा भाऊ,
इस्पास