न सापडल्याची तळी

१४ ऑक्टोबर
वैशूचं खोकं परदेशातून आलं. दोन स्वेटर, पुस्तकं, मी दिलेला कुकर. ड्यूटी ७४०, रिक्षा ६०. लेकीनं कुकर का परत पाठवावा? फोनवर म्हणाली, "मार्चला करार संपतोय, आई. पुढं कुणी घेईल असं दिसत नाही. सामान हलकं करतेय." भात कशात लावते, ते सांगितलं नाही. ह्यांनी खोक्याची सुतळी गुंडाळून ठेवली.

१६ ऑक्टो.
शेजारच्या सुमनबाईंनी विचारलं, पोरगी जमिनीखाली करते काय. वैशूनं मागं पोळ्या लाटता लाटता सांगितलेलं, तसंच सांगितलं. प्रोटॉन म्हणून बारीक कण असतात, ते बोगद्यात समोरासमोर आदळवायचे. ओळखीच्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असावा, असं गणित. तो यंत्राला दिसत नाही, निसटतो. म्हणून टक्कर झाली की चहूकडं उडालेल्या कणांच्या जोराची बेरीज घ्यायची. कमी भरली तर कुणीतरी नेलं. "पण दर वेळी ओळखीचाच चोर निघतो, आई. आधीच माहीत असलेला, तसाच निसटणारा कण." तेव्हा हसायची.
सुमनबाई: "चोर धरायला एवढ्या लांब कशाला? गल्लीत कमी हायत व्हय?"
खंडोबाला बोललेय. जोडीदार सापडू दे, अणदूरला तळी भरीन.

२ नोव्हें.
वैशूचा निरोप. "पेपर छापून आला." म्हणजे सापडला. हे म्हणाले, "तिला विचार तरी." म्हटलं, न सापडलेलं कोण छापील? विचारलं नाही. देवापुढं साखर ठेवली.

९ नोव्हें., रविवार
अणदूर. ताम्हणात खोबरं, पानसुपारी, भंडारा. पाच जणांनी तळी उचलली, येळकोट केला. ह्यांनी मोठ्यानं सांगितलं, आमच्या वैशालीला कण सापडला. पुतण्यानं व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. येताना उसाचा रस पिलो, दोघांत एक.

१० नोव्हें.
वैशूचा फोन. ओरडली असती तर बरं होतं.
"आई, तो न सापडल्याचा पेपर आहे. एवढ्या वजनापर्यंत जोडीदार नाही, एवढंच त्यात. आमच्यात तेही छापतात."
म्हटलं, मग त्याहून जड असंल.
"दर वेळी आम्हीपण तेच म्हणतो." मग म्हणाली, "इतकी वर्षं मी रिकाम्या घराची कडी वाजवली. तू तिथं भंडारा उधळलास."
फोन ठेवला. भाजी करपली. तशीच खाल्ली दोघांनी.

१९ नोव्हें.
फोन उचलत नाही. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या. परवापासून त्याही नाहीत.

४ डिसें.
एकटीच अणदूरला गेले, चूक कबूल करायला. गाभाऱ्यात देव नाही. मार्गशीर्षात नळदुर्गला जातात, मूर्ती एक नि गावं दोन, लहानपणापासून ठाऊक. तरी निघताना डोक्यात आलं नाही.
पुजाऱ्यांना विचारलं, चुकीची तळी भरली गेली तर?
"खोबरं वाटलं का, माय?"
वाटलं.
"मग आता काय परत मागता? देव तिकडं हायत. नळदुर्गची गाडी इथूनच मिळंल."
मोकळ्या जागेपुढंही बाया हात जोडत होत्या. मी पण जोडले. सापडू दे म्हणायला जीभ रेटली नाही. नळदुर्गला गेले नाही.

७ डिसें.
ह्यांनी वैशूच्या मैत्रिणीचा नंबर मिळवला. तिच्याबरोबरच काम करते, पुण्याची. म्हणाली, "कामावर येते, काका. पण जेवायला आमच्यात येत नाही. बारीक झालीय खूप." हे फोन ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले. बोलावलं तरी आत येईनात.

११ डिसें.
पत्र टाकलं. फोन बंद करता येतो, पाकीट कधीतरी हातात पडेल. नक्कल इथं ठेवते.

चि. वैशूस, आईचे आशीर्वाद. व्हिडिओ काढून टाकायला लावला. घरोघर जाऊन सांगितलं की सापडला नाही, आणि तेही छापतात. सुमनबाईंना पटलं नाही, पण ऐकून घेतलं. मार्चनंतर तिथं राहा की इकडं ये, तुझ्या मनावर. मी बोलणार नाही, ह्यांनाही बोलू देणार नाही. मोठं पत्र नको. जेवतेस की नाही, तेवढं उलट टपाली कळव. नाही असलं तर नाही लिही, पण लिही.