सातव्या पायरीची निरवानिरव

मी ब्रिथमर, बाप एडविग, धंदा सुतारकी, राहणार हॅझलफर्ड, वय साठीच्या आसपास, दात गेलेले पण अक्कल शाबूत, आज न पिता आणि कोणाच्याही धाकाशिवाय पाद्री सेवल यांना पुढील मजकूर सांगत आहे. त्यांनी तो सांगितल्याबरहुकूम लिहावा. मध्ये उपदेश घालू नये.

जमीन : नाही. टेकाडाजवळची बारा एकर माझी होती. समुद्रापलीकडून नवा राजा आला, तेव्हा जमीन सरदार आंकेतिल यांची झाली आणि नांगरणी माझ्याकडे राहिली.

नदीकाठची झोपडी व बिअरचं पिंप पत्नी गोल्डिवा हिला. पिंप मुळात तिचंच आहे, पण मी दिलं असं लिहिलेलं बरं दिसतं.

शेजारी टोकी याला माझं गिरमिट, कारण ते अकरा वर्षं त्याच्याकडेच आहे. आता तरी त्याने ते उजळ माथ्याने वापरावं.

मेल्यावर मालकाला आपलं उत्तम जनावर द्यायचा रिवाज आहे. माझ्याकडे एकच बोकड आहे. मारका आहे. सरदारांना आनंदाने देत आहे.

वाकस, करवत व पटाश्या जावई गिरार यास. लेक लेवीवाने हा नॉर्मन शिपाई पसंत केला, तेव्हा मी जेवण टाकलं होतं. गोल्डिवा म्हणाली, "जेवा नाहीतर उपाशी राहा, लग्न रविवारी आहे." पोरगा आमची भाषा बोलतो तेव्हा घशात हाड अडकल्यासारखा वाटतो, पण खिळा सरळ ठोकतो.

हत्यारं मात्र एका अटीवर, आणि त्यासाठी कबुली देणं भाग आहे.

आमचं जुनं घर पाडून सरदारांनी तिथे मातीचा डोंगर रचला आणि वर लाकडी गढी बांधवली. माझ्याच घराचे ओकचे वासे मलाच तासायला लावले. मी जिन्याची सातवी पायरी दोन बोटं उंच ठेवली. आमच्या भाषेतली पहिली शिवी सरदार तिथेच ठेचकाळून शिकले. मला त्या रात्री छान झोप लागली.

अठरा वर्षांनी, सरत्या थंडीत, त्याच पायरीवर लेवीवा अडखळली. आठवा महिना होता. मागून येणाऱ्या सरदारांनी तिला झेललं आणि दोघं चार पायऱ्या घसरले. तिला नुसतं खरचटलं. त्यांची कंबर धरली. मी धावलो.

"ब्रिथमर, ही पायरी उंच आहे," ते पडल्यापडल्या म्हणाले.

"लाकूड फुगतं, मालक."

"एकच पायरी? अठरा वर्षं?"

मी त्यांना उठवू लागलो.

"पहिल्याच आठवड्यात मोजली होती मी."

"मग फटके का नाही मारलेत?"

"मारले असते तर मी का पडतो ते सगळ्यांना कळलं असतं." मग म्हणाले, "शिवाय, घर तुझं होतं."

मी वाकस आणायला निघालो, तर ओरडले, "हात लावू नकोस! पाय आता आपोआप उचलला जातो. सरळ केलीस तर मान मोडेन."

लेक सुखरूप बाळंत झाली. नातवाचं नाव राजाचंच, विल्यम. हल्ली गावात दगड भिरकावला तर विल्यमलाच लागतो. तो आता रांगत जिन्याकडे जातो. मी दोनदा वाकस घेऊन गेलो आणि तसाच परतलो. ते लाकूड माझ्या बापाने तोडलेलं होतं. घराचं म्हणून तेवढंच कुरकुरणं उरलंय. माझ्याने होत नाही.

सबब अट अशी : मला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी गिरारने ती पायरी दोन बोटं तासावी. त्यानंतर आठवडाभर सरदारांना हाताला धरून चढवावं.

यात जो फेरफार करील, त्याची बिअर जन्मभर आंबट होवो.

हॅझलफर्ड, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, सन १०८७.

ब्रिथमर : फुली.
साक्षीदार टोकी : फुली, जरा वाकडी.
साक्षीदार सरदार आंकेतिल : फुली. मजकूर दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "घाई नाही, ब्रिथमर. सावकाश मर."
लिहिणार पाद्री सेवल : सही. उपदेश घातलेला नाही.