उशीर कुणामुळे झाला

न्यूपोर्ट,
११ नोव्हेंबर

प्रिय एस्नार्ट,

तू आणि थोको दोघी खुशाल असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याहून जास्त बडबड तोच करतो असं आमच्या चॅपलमधल्या बायका म्हणतात, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. स्वेटर अगदी मापाचा आहे. निळा रंग मला शोभतो असं पोस्टमनसुद्धा म्हणाला, कारण मी तो दारातच अंगात घालून पाहिला. थोकोचा शाळेतला फोटो फ्रिजवर लावला आहे. केवढी उंच झाली पोर! पुढच्या दोन दातांतली फट आहे तशीच राहू दे, तार लावायच्या भानगडीत पडू नकोस.

चार वर्षं दर वाढदिवसाला तुझं काही ना काही येतं, आणि दर वर्षी मी 'आभारी आहे, तब्येतीला जप' एवढं लिहून कार्ड पाठवते. यंदाही कार्ड आणलं होतं. ते टेबलावर तसंच पडलं आहे, कारण यंदा लांब लिहायचं आहे. आधी इकडची हालहवाल सांगते.

ऑफिस अजून तिथेच आहे, किल्लीवाल्याच्या दुकानावर. जिन्याची सातवी पायरी अजून हलते. माझं टायपिंगचं टेबल खिडकीशी आणि नेरिसचं दाराशी, हेही तसंच. नेरिस प्रॉसर, वकील, ही दारावरची पितळी पाटी मी दर सोमवारी पुसते. नेरिसचे केस आता पुरते पांढरे झालेत. ती रंगवत नाही, म्हणते, न्यायाधीशांना दया आली तर बरंच आहे. गृहखात्याला फोन लावून तासभर ताटकळत राहावं लागलं की त्यांची ती वाजंत्री लागते ना, तिच्यावर ती अजून गाणं म्हणते, आणि अजून बेसूर म्हणते. मागच्या महिन्यात सरकारी बाजूचा तो जाड्या वकील मला म्हणाला, "समोर नेरिसची फाईल आली की मी आधी चष्मा पुसून घेतो." शत्रूने याहून मोठी शाबासकी कुठली द्यायची?

तिचं नाव आलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस, एस्नार्ट. तुझा तिच्यावर राग आहे हे मला माहीत आहे. स्वान्सीला राहायला गेलीस, मला पत्रं लिहिलीस, पण तिच्यासाठी एका ओळीचा निरोप कधी घातला नाहीस. तीही विचारत नाही. फक्त पार्सल आलं की फोटो हातात घेते, थोकोकडे बघते आणि परत देते.

गेल्या बुधवारी टियामिके नावाची एक मुलगी आली. तुमच्याच मलावीची, नर्सिंग होममध्ये काम करते, बरोबर तीन वर्षांचं लेकरू. हातात गृहखात्याचं नामंजुरीचं पत्र. अपिलाची मुदत चौदा दिवसांची असते हे तुला मी सांगायला नको. तिची उलटून अकरा दिवस झाले होते. नेरिसने चहा दिला, मुलाला खडू दिले आणि मग विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस, बाळ?"

मुलगी म्हणाली, "कार्डिफमधल्या एका माणसाकडे गेले होते. तो वकील नव्हताच. पैसे घेऊन फोन बंद करून बसला."

"मग आधीच इथे का आली नाहीस? घरापासून दहा मिनिटांवर तर आहे."

मुलाचा खडू खाली पडला होता, तो तिने उचलून दिला. मग म्हणाली, "चर्चमध्ये सगळे सांगतात, नेरिसबाई चांगल्या आहेत पण तारखा विसरतात. एस्नार्टताईंचं जवळजवळ वाटोळंच केलं होतं."

मी टाइप करता करता थांबले. नेरिस मात्र शांतपणे म्हणाली, "एस्नार्ट खोटं बोलत नाही. माझ्या ऑफिसात तारीख चुकली होती, हे खरं आहे. त्यामुळे उशीर झालेल्या माणसाची कड कशी घ्यायची हे मला चांगलंच ठाऊक आहे. आण तो कागद." आणि तिने पेन उघडलं.

एस्नार्ट, त्या वेळी मला जमिनीने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

तू हे चर्चमध्ये मुद्दाम वाईट हेतूने सांगितलं असशील असं मला वाटत नाही. तुझ्यावर जे गुदरलं तेच सांगितलंस. पण न्यूपोर्टपासून स्वान्सीपर्यंत तुमच्या लोकांत तुझ्या शब्दाला वजन आहे. या वर्षी तुमच्यातली मोजून दोन माणसं आमचा जिना चढून आली, आणि त्यातली एक अशी उशिरा. बाकीची कुठे कुठे गेली असतील देव जाणे.

तुझ्या वेळी तिने काय काय केलं होतं ते आठव. मी तरी विसरले नाही. कार्डिफच्या मोठ्या वकिली कंपनीत तिला अशिलामागे चाळीस मिनिटं मिळायची, म्हणून ती तिथून बाहेर पडली आणि ही जिन्यावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्या भेटीत तिने तुला तासभर काहीच विचारलं नव्हतं. पुढे नामंजुरीचं पत्र आलं तेव्हा ते एकेक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माणसं कागदालाच भितात असं ती म्हणते. 'मुलीची देखभाल दुसरं कुणीही करू शकेल' हे वाक्य आलं तेव्हा तू रडायला लागलीस. थोको तुझ्या वारलेल्या बहिणीची मुलगी, पोटची नाही, एवढं धरून ते तुला मलावीला परत धाडायला निघाले होते. नेरिसने पत्र खाली ठेवलं आणि विचारलं, "तिचे केस कोण विंचरतं? किती वेळ लागतो? रडते का? पहिला दात कुठे पडला?" तू सांगत गेलीस आणि ती लिहीत गेली. एक्केचाळीस पानं झाली. मी ती टाइप केली आहेत, आणि टाइप करताना दोनदा उठून तोंड धुऊन आले आहे. पुढे न्यायाधीशांनी निकालात तोच दात लिहिला, आठवतं ना?

आता ते चुकलेल्या तारखेचं.

तुला एवढंच माहीत आहे की ऑफिसात चूक झाली आणि अपील चार दिवस उशिरा गेलं. ऑफिसात म्हणजे कुणाकडून, हे तुला कुणी सांगितलं नाही. ऑफिसात माणसं दोनच.

मी तीस वर्षं वकिलांकडे काम केलं. सगळं पोस्टाने यायचं त्या काळापासून मला सवय आहे: कागद हातात आला की आवक तारखेचा शिक्का मारायचा, आणि मुदत शिक्क्यापासून मोजायची. लाल पेनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटचा दिवस लिहायचा. नेरिस ते कॅलेंडर बघून काम करते, आणि नेहमी एक दिवस आधी अपील पाठवते. तुझा नामंजुरीचा निर्णय ईमेलने आला, गुरुवारी संध्याकाळी. ऑफिसचे ईमेल मीच उघडते. शुक्रवार ते सोमवार मी चॅपलच्या बायकांबरोबर टेन्बीला समुद्रावर गेले होते. मंगळवारी आले, ईमेल उघडला, छापला, शिक्का मारला. मंगळवारचा. आणि चौदा दिवस मंगळवारपासून मोजले. ईमेल ज्या दिवशी आला त्या दिवसापासून मोजायचे असतात, हे मला नेरिसने तीनदा सांगितलेलं होतं. मी तीनदा हो म्हटलं होतं. हाताला मात्र जुनीच सवय.

अपील पाठवताना अर्जात निर्णयाची तारीख भरावी लागते. नेरिसने ईमेल उघडून पाहिला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "ग्लेनिस, हे गुरुवारी आलंय."

"शिक्का बघ ना, मंगळवारचा आहे."

"शिक्का तू मारलास. पाठवलं त्यांनी गुरुवारी."

आणि यानंतर मी जे बोलले ते लिहायला मला चार वर्षं लागली आहेत. मी म्हणाले, "एस्नार्टला त्या आठवड्यात ताप होता. डॉक्टरची चिठ्ठी आपल्याकडे आहे. आजारी होती म्हणून सही करायला उशिरा आली, असं लिहून टाक. कुणाला कळणार आहे?"

म्हणजे माझी चूक मी तुझ्या नावावर खपवायला निघाले होते. तू तर तापातसुद्धा दोन गाड्या बदलून वेळेवर आली होतीस.

नेरिस माझ्यावर ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "ताप खरा आहे, पण उशीर तापामुळे झाला नाही. एस्नार्टने बारा वर्षांत सरकारला एक खोटं वाक्य लिहून दिलेलं नाही. पहिलं मी लिहून देऊ?" आणि तिने माझ्यासमोर लिहिलं की उशीर पूर्णपणे वकिलाचा आहे, अर्जदाराचा त्यात काडीचा दोष नाही, आणि गरज पडल्यास मी स्वतः हजर राहून जबाब देईन. त्यावर अपील दाखल करून घेतलं गेलं. शिवाय तिने स्वतःहून वकिलांच्या संस्थेला कळवलं. त्यांनी तिला सहा महिने प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि शेवटी ताकीद देऊन सोडलं. माझं नाव तिने कुठेच घातलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दारावर पाटी माझी आहे. पाटी पुसणारीची नाही."

दुसऱ्या दिवशी तिने तुला बोलावून तारीख चुकल्याचं सांगितलं, आणि आता दुसऱ्या वकिलाकडे जा असंही सांगितलं. तू समजलीस की तिने तुला वाऱ्यावर सोडलं. तसं नव्हतं गं. ज्याच्याकडून चूक होते त्याने अशिलाला स्पष्ट सांगायचं असतं, की आता तुझं हित आणि माझं हित एक राहिलेलं नाही, दुसऱ्याचा सल्ला घे. हा त्यांचा नियमच आहे. कित्येक जण तो गुळमुळीत पाळतात, नेरिसने तोंडावर पाळला. आणि नवा वकील सुनावणीत जे तोलामोलाचं बोलला, ज्याबद्दल तू त्याला केक नेऊन दिलास, त्यातलं निम्म्याहून जास्त नेरिसने लिहून दिलेलं होतं. ते मीच टाइप केलं. तिने त्याला बजावलं होतं की माझं नाव काढू नकोस, नाहीतर एस्नार्ट कागदाला हात लावणार नाही.

तू त्या दिवशी तिला म्हणालीस, "मी माझी पोर तुमच्या हातात दिली होती आणि तुम्ही घड्याळसुद्धा बघितलं नाहीत." ती उभी राहून ऐकत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती एकदाच म्हणाली, "खरं आहे." मग तू माझ्याकडे वळलीस. मला घट्ट मिठी मारलीस आणि म्हणालीस, "इथे खरं वागणारी तूच एकटी आहेस, ग्लेनिस." आणि मी ती मिठी घेतली. तुझ्या पाठीवर हात फिरवला. तुझ्या खांद्यावरून मला नेरिस दिसत होती, आणि तिने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. मला तेवढंच हवं होतं. मी बोलले नाही.

तिला मी नंतर विचारलं, आता तरी एस्नार्टला सांगू का? ती म्हणाली, "आता सांगितलंस तर लोक म्हणतील, वकिलाने दोष कारकुनावर ढकलला. जाऊ दे." म्हणून हे पत्र मी तिला न विचारता घरून लिहिते आहे. ती ढकलत नाही, मी आपल्या पायाने येते आहे. सोमवारी ऑफिसात गेल्यावर तिला सांगेन. चिडेल. चिडू दे.

टियामिकेचा अर्ज शुक्रवारी गेला. उशिराची कारणं नेरिसने चार पानं भरून लिहिली. त्या माणसाची चौकशी न करता पैसे दिले ही मुलीची चूक होती, तीही लपवली नाही. निकाल काय लागेल सांगता येत नाही. अर्ज जाईपर्यंत तेरा दिवस झाले, ते चारापेक्षा पुष्कळ जास्त आहेत, आणि त्यातले काही माझ्या गप्प बसण्याने वाढले आहेत, असं मला वाटतं.

तू मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. ते तू तुझ्या सवडीने ठरव, नाही केलीस तरी चालेल. मागायचं आहे ते दुसरंच. रविवारी प्रार्थना झाल्यावर तुम्ही सगळे हॉलमध्ये जेवायला बसता तेव्हा हे पत्र तिथे वाचून दाखव. सगळं नको असेल तर तारखेचं आणि तापाचं तेवढं वाच. वाचताना दया येऊन माझं नाव गाळू नकोस. लोकांना कळायला सोपं जावं म्हणून पूर्ण लिहिते आहे.

ग्लेनिस मार्गरेट हॅवर्ड,
नेरिस प्रॉसर यांच्या ऑफिसातली कारकून. तारीख हिने चुकवली.